सरकारी पैसा, वैद्यकीय संशोधन आणि वाचकाचा हक्क

सरकारनें रस्ता बांधला तर त्यावरून चालण्यास कोणास मनाई नसते. सरकारनें कालवा काढला तर त्याचें पाणी कोणाच्या शेतांत गेलें हें उघड्या डोळ्यांनीं दिसतें. परंतु सरकार जेव्हां ज्ञान निर्माण करण्यासाठीं पैसा खर्च करतें, तेव्हां तें ज्ञान पुढें कोठें जातें व कोणास मिळतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वैद्यकीय संशोधनाच्या बाबतींत हा प्रश्न अमेरिकेंत गेल्या पंचवीस वर्षांत धसास लागला. तेथें त्यासाठीं कायदा झाला, नियम झाले, आणि ते नियम एकदां बदललेहि. या सर्व प्रकरणांतून एक गोष्ट ध्यानांत येते. जनतेला वाचनाचा हक्क देणें हें कायदेमंडळाचें काम असलें, तरी तो हक्क प्रत्यक्षांत उतरतो कीं नाहीं हें एकेका लेखकाच्या टेबलावरील लहानशा कामावर अवलंबून असतें. तें काम कोणतें, आणि तें वेळच्या वेळीं कां होत नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

अमेरिकेची ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ ही २७ संस्था व केंद्रें मिळून झालेली सरकारी आरोग्य संस्था आहे. मेरिलंड राज्यांतील बेथेस्डा येथें तिचें मुख्य ठाणें आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षांत तिच्या हातीं सुमारें ४८ अब्ज डॉलर होते. आणि आपल्या रकमेचा चार पंचमांशांहून अधिक भाग ती विद्यापीठांना, रुग्णालयांना व संशोधनसंस्थांना अनुदान म्हणून वांटीत आली आहे. हा पैसा करदात्यांचा. संशोधकाचें काम पुरें झालें म्हणजे तो निबंध लिहून एखाद्या वैद्यकीय नियतकालिकाकडे धाडतो. संपादक तो त्याच विषयांतील दोन-तीन तज्ज्ञांस वाचावयास देतो, व हे तज्ज्ञ बहुधा विनामूल्य परीक्षण करतात. त्यांच्या शंकांचें निरसन झालें, दुरुस्त्या झाल्या, कीं निबंध स्वीकारला जातो व छापला जातो. लेखकाला मानधन मिळत नाहीं. उलट पुष्कळदां तो आपला कॉपीराइट प्रकाशकाच्या स्वाधीन करतो. पुढें तोच निबंध वाचावयाचा तर ग्रंथालयाला भारी वर्गणी भरावी लागते, आणि सुट्या वाचकाला एकेका निबंधाचे निराळे दाम मोजावे लागतात. पैसा जनतेचा, परिश्रम संशोधकाचे, परीक्षण तज्ज्ञांचें आणि कुलूप मात्र प्रकाशकाचें, अशी ही व्यवस्था होती.

या कुलपाचा जाच मोठ्या विद्यापीठांतील प्राध्यापकास होत नाहीं. त्याचें ग्रंथालय वर्गणी भरतें, आणि दाराला कुलूप आहे हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. जाच होतो तो लहान गांवीं दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टराला, परिचारिकेला, शाळेंतील शिक्षकाला, आणि सर्वांत अधिक रोग्याच्या आप्तांना. शॅरन टेरी या अमेरिकन बाईंचें उदाहरण या संदर्भांत प्रसिद्ध आहे. १९९४ सालच्या अखेरीस त्यांच्या दोन्ही मुलांना ‘स्यूडोझँथोमा इलॅस्टिकम’ हा दुर्मिळ आनुवंशिक रोग असल्याचें निदान झालें. या रोगांत त्वचा, डोळे व रक्तवाहिन्या यांतील लवचिक तंतूंवर क्षार सांचत जातात, आणि दृष्टि अधू होण्याचें भय असतें. टेरी पतिपत्नींपैकीं कोणीहि शास्त्रज्ञ नव्हतें. त्यांनीं वैद्यकीय ग्रंथालय गांठलें, त्या रोगावरील निबंधांच्या नकला घरीं आणल्या, आणि न कळणारे शब्द एकेक करून समजून घेत त्या वाचून काढल्या. १९९५ सालीं त्यांनीं या रोग्यांसाठीं एक संस्था स्थापन केली. आणि २००० सालीं रोगास कारणीभूत असलेलें जनुक जेव्हां सांपडलें, तेव्हां त्या शोधांत या संस्थेचा वांटा होता. परंतु अशी चिकाटी, असा वेळ आणि मोठ्या ग्रंथालयाचा शेजार प्रत्येक आईबापांच्या नशिबीं असतोच असें नाहीं.

आरोग्य संस्थेचे त्या वेळचे संचालक हॅरल्ड व्हार्मस हे स्वतः नोबेल पारितोषिक मिळविलेले शास्त्रज्ञ होते. १९९९ सालीं त्यांनीं अशी योजना मांडली कीं, जीववैद्यकीय संशोधनाचे निबंध संगणकाद्वारें सर्वांस मोफत वाचतां यावेत. प्रकाशकांच्या विरोधामुळें ती योजना मूळच्या स्वरूपांत उतरली नाहीं. परंतु तिच्यांतूनच फेब्रुवारी २००० मध्यें ‘पबमेड सेंट्रल’ हें संगणकीय ग्रंथभांडार सुरू झालें. अमेरिकेचें राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय तें चालवितें. आज त्यांत एक कोटीहून अधिक निबंध पूर्ण स्वरूपांत सांठविलेले आहेत, आणि ते उघडून वाचण्यास कोठल्याहि देशांतील माणसास एक पैहि द्यावी लागत नाहीं.

कोठार तर उभें राहिलें. आतां त्यांत धान्य कोणी आणून घालावयाचें? प्रथम हें काम लेखकांच्या खुषीवर सोंपविण्यांत आलें. २ मे २००५ पासून आरोग्य संस्थेनें आपल्या अनुदानधारकांस विनंति केली कीं, त्यांनीं आपल्या निबंधाची स्वीकारली गेलेली प्रत भांडारांत दाखल करावी. विनंति सभ्य होती, आणि कारणहि योग्य होतें. तरीहि पहिल्या कांहीं महिन्यांचा हिशेब कायदेमंडळापुढें ठेवण्यांत आला तेव्हां असें दिसून आलें कीं, दाखल होण्याजोग्या निबंधांपैकीं शेंकडा ४ सुद्धां दाखल झालेले नव्हते. लेखकांच्या मनांत दुष्टावा होता असें मुळींच नाहीं. ज्या कामाला मुदत नसते आणि तें न केल्यास कांहीं बिघडत नाहीं, तें काम उद्यावर पडतें, आणि तो उद्यां उगवत नाहीं.

हा अनुभव लक्षांत घेऊन अमेरिकन कायदेमंडळानें विनंतीचें रूपांतर सक्तींत केलें. २६ डिसेंबर २००७ रोजीं अध्यक्षांची सही झालेल्या खर्चमंजुरीच्या कायद्यांत २१८ वें कलम घालण्यांत आलें. त्याचा आशय असा: आरोग्य संस्थेच्या पैशानें झालेल्या संशोधनाचा निबंध नियतकालिकानें स्वीकारला कीं त्याची अंतिम प्रत राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाकडे दाखल झाली पाहिजे, आणि छापून आल्यापासून १२ महिन्यांच्या आंत ती सर्वांस खुली झाली पाहिजे, मात्र हें सर्व कॉपीराइटच्या कायद्यास धरून व्हावें. ७ एप्रिल २००८ रोजीं व त्यानंतर स्वीकृत झालेल्या निबंधांना हा नियम लागू झाला. १२ महिन्यांची सवलत ठेवण्यांत आली ती प्रकाशकांच्या वर्गणीचें उत्पन्न एकाएकीं बुडूं नये म्हणून.

प्रकाशकांची बाजूहि न्यायबुद्धीनें ऐकावयास पाहिजे. परीक्षक विनामूल्य काम करीत असले तरी परीक्षणाची व्यवस्था फुकट होत नाहीं; संपादकांचे पगार, मुद्रितशोधन, आकृत्यांची जुळणी, जुन्या अंकांचें जतन या सर्वांस खर्च येतो. मोफत प्रत मिळूं लागली तर वर्गणी कोण भरणार, असें त्यांचें म्हणणें होतें. डिसेंबर २०११ मध्यें असा नियम करण्यास सरकारला बंदी करणारें एक विधेयकहि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत आलें. परंतु शास्त्रज्ञांत त्याविरुद्ध मोठा क्षोभ उसळला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्यें तें सोडून देण्यांत आलें.

नियम झाला, पण घोडें पेंड खाऊं लागलें तें पुढेंच. एकाच निबंधाच्या तीन निरनिराळ्या प्रती असतात, ही गोष्ट येथें प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. लेखकानें संपादकाकडे धाडलेली ती पहिली प्रत. तज्ज्ञांच्या सूचनेप्रमाणें सर्व दुरुस्त्या झाल्यावर संपादकानें स्वीकारलेली ती दुसरी; हिला स्वीकृत प्रत म्हणावें. प्रकाशकानें अक्षरजुळणी करून आपल्या नांवानिशीं छापलेली ती तिसरी. पहिली प्रत उपयोगी नाहीं, कारण तिच्यांत परीक्षकांनीं काढलेल्या चुका अद्यापि तशाच असतात. तिसरी प्रत बहुधा लेखकाला परस्पर देतां येत नाहीं, कारण तिच्यावर प्रकाशकाचा हक्क असतो. राहतां राहिली स्वीकृत प्रत. नियमाला हवी ती हीच, आणि गमावली जाते तीहि नेमकी हीच. छापील लेख हातीं आल्यावर तिच्या आधीची प्रत जपून ठेवण्याचें कोणास कारण वाटत नाहीं. दोन वर्षांनीं विचारणा झाली म्हणजे शोधाशोध सुरू होते. ज्या सहकाऱ्यानें शेवटच्या दुरुस्त्या केल्या तो दुसऱ्या गांवीं गेलेला असतो. त्याच्या जुन्या संगणकावर एकाच नांवाच्या पांच प्रती निघतात. शेवटची कोणती तें कोणी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं.

प्रत भांडारांत पोंचण्याचे चार मार्ग २००८ च्या नियमाखालीं रूढ झाले. पहिल्या मार्गांत नियतकालिक स्वतःच आपले सर्व छापील निबंध भांडाराकडे धाडतें, व लेखकाला कांहींच करावें लागत नाहीं. दुसऱ्यांत लेखकानें त्या एका निबंधापुरती प्रकाशकास विनंति करावयाची असते, आणि त्यासाठीं पुष्कळदां शुल्क पडतें. तिसऱ्यांत लेखक स्वीकृत प्रत स्वतः दाखल करतो. सरकार याबद्दल कांहीं आकार घेत नाहीं. चौथ्यांत प्रकाशक ती प्रत दाखल करतो, परंतु पुढील संमति लेखकानेंच द्यावयाची असते. फसगत होते ती बहुतेक तिसऱ्या व चौथ्या मार्गांत. प्रत दाखल केली म्हणजे काम संपलें असें लेखकास वाटतें. वास्तविक तेथें दोन संमति लागतात. आकृत्या, कोष्टकें व पुरवण्या यांसह प्रत बरोबर दाखल झाली आहे, ही पहिली संमति. नंतर भांडाराचे कर्मचारी ती प्रत आपल्या सांच्यांत बसवून परत दाखवितात, तेव्हां तींत कांहीं गळलें वा बिघडलें नाहीं अशी दुसरी. ही दुसरी संमति मागणारें पत्र येतें तोंवर लेखक दुसऱ्या कामांत गढून गेलेला असतो. पत्र न वाचतां पडून राहतें, आणि निबंध उंबरठ्यावर अडून बसतो.

दुसरा घोटाळा अंकांचा. ‘पबमेड’ ही वैद्यकीय निबंधांची सूचि होय. तींत निबंधाचें नांव, लेखकांचीं नांवें व बहुधा सारांश मिळतो. ‘पबमेड सेंट्रल’ हें पूर्ण निबंधांचें भांडार होय. सूचींतील नोंदीचा अंक तो ‘पीएमआयडी’, आणि भांडारांतील निबंधाचा अंक तो ‘पीएमसीआयडी’. पहिला अंक मिळाला म्हणजे नियम पाळला गेला अशी समजूत होणें सहज शक्य आहे. पण ग्रंथालयाच्या यादींत पुस्तकाचें नांव असणें निराळें आणि तें पुस्तक कपाटांत असणें निराळें. पुढील अनुदानाच्या अर्जांत व वार्षिक अहवालांत पुरावा म्हणून दुसरा अंक द्यावा लागतो. प्रत दाखल करतांना आणखी एक तात्पुरता अंक मिळतो. तो निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर तीन महिन्यांपुरताच चालत असे. तात्पुरत्या पावतीवर कायमचा हिशेब मिटवूं पाहणाऱ्यांची पुढें अडचण झाली ती यामुळेंच.

तिसरी बाब हक्काची. प्रकाशकाच्या करारनाम्यावर लेखक घाईघाईनें सही करतो, आणि स्वीकृत प्रत जनतेस देण्याचा अधिकारहि त्या सहीबरोबर गेला कीं काय, हा विचार त्यास मागाहून सुचतो. म्हणून अनुदानधारकानें निबंध धाडतांनाच संपादकास कळवावें कीं हें संशोधन सरकारी अनुदानावर झालें आहे, व स्वीकृत प्रत भांडारांत दाखल केली जाईल. अनुदान स्वीकारतांना सरकारास जो हक्क आधींच दिला गेला आहे, तो नंतरच्या करारानें दुसऱ्यास देतां येत नाहीं, हें संपादकापुढें सुरुवातीसच स्पष्ट झालेलें बरें.

येथें श्रोत्यांच्या मनांत अशी शंका येईल कीं, निबंधाला दहा-बारा लेखक असतात, तेव्हां ही जबाबदारी कोणाची? नियमाचें उत्तर स्पष्ट आहे. अनुदान ज्या संस्थेस मिळालें ती संस्था, आणि ज्याच्या नांवें तें मिळालें तो मुख्य संशोधक, हे उत्तरदायी. निबंधाच्या लेखकांत मुख्य संशोधकाचें नांव नसलें, किंवा निबंध छापून येईपर्यंत अनुदानाची मुदत संपलेली असली, तरीहि ही जबाबदारी टळत नाहीं. पण जें काम दहाजणांचें असतें तें बहुधा कोणाचेंच होत नाहीं. म्हणून निबंध लिहावयास घेतांनाच प्रत कोण दाखल करणार हें ठरवून ठेवणें शहाणपणाचें असतें.

सक्ती झाल्यावरहि पुष्कळ निबंध बाहेर राहिले, कारण न पाळणाऱ्याचें प्रत्यक्षांत कांहीं अडत नव्हतें. शेवटीं २०१२ च्या नोव्हेंबरांत आरोग्य संस्थेनें जाहीर केलें कीं, निबंध दाखल नसतील तर चालू अनुदानाचा पुढील वर्षाचा हप्ता रोखून धरला जाईल. १ जुलै २०१३ पासून सुरू होणाऱ्या हप्त्यांना हें लागू झालें. परिणाम तात्काळ दिसला. त्याआधीं महिन्याकांठीं सरासरी पांच हजारांच्या आसपास प्रती मान्य होऊन येत; मे २०१३ या एका महिन्यांत त्या दहा हजारांवर गेल्या. त्यांत वर्षानुवर्षें राहिलेल्या जुन्या निबंधांचाहि भरणा होता. वरातीमागून कां होईना, पण घोडें आलें. मात्र उशीरा आलेल्या प्रतीमुळें अनुदानाचा हप्ता सुटला, तरी मधल्या काळांत ज्या रोग्याला वा डॉक्टराला ती वाचावयाची होती त्याचा गेलेला वेळ परत आला नाहीं.

पुढें १२ महिन्यांची सवलतहि गेली. ऑगस्ट २०२२ मध्यें अमेरिकन अध्यक्षांच्या विज्ञानविषयक कार्यालयानें सर्व सरकारी खात्यांस सूचना केली कीं, सरकारी पैशानें झालेलें संशोधन विनाविलंब खुलें व्हावें. त्यास अनुसरून आरोग्य संस्थेनें डिसेंबर २०२४ मध्यें नवें धोरण जाहीर केलें, आणि तें १ जुलै २०२५ पासून अंमलांत आलें. त्या दिवशीं व त्यानंतर स्वीकृत झालेल्या निबंधाची प्रत स्वीकृति मिळतांच दाखल करावयाची, आणि ज्या दिवशीं निबंध प्रसिद्ध होईल त्याच दिवशीं ती जनतेस खुली व्हावयाची. पूर्वीं विसरभोळ्या लेखकास वर्षभराचा अवकाश असे. आतां तो उरला नाहीं.

हा सर्व व्यवहार परदेशांतला असला तरी महाराष्ट्राचा त्याशीं संबंध नाहीं असें नाहीं. या अनुदानावर चाललेलें संशोधन अमेरिकेबाहेरहि होतें. ‘एच. पी. टी. एन. ०५२’ या नांवानें ओळखली जाणारी चांचणी हें त्याचें ठळक उदाहरण होय. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांनीं तींत भाग घेतला. प्रत्येक जोडप्यांत एकास एच. आय. व्ही. चा संसर्ग झालेला होता व दुसऱ्यास नव्हता. भारतांत हें काम चेन्नई व पुणें येथें झालें. औषधोपचार लवकर सुरू केला तर जोडीदारास होणारा संसर्ग शेंकडा ९६ इतका घटतो, हा तिचा निष्कर्ष २०११ सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि जगभर उपचाराची दिशा बदलण्यास कारणीभूत झाला. पुण्यांतील ज्या स्त्रीपुरुषांनीं आपलें दुखणें व आपलें रक्त या चांचणीच्या हवालीं केलें, त्यांच्याच जिल्ह्यांतील एखाद्या डॉक्टरास तो निबंध पैसे भरल्यावांचून वाचतां आला नसता, तर तो मोठाच अन्याय झाला असता. आज तो निबंध भांडारांत आहे, व कोणासहि वाचतां येतो.

भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें आणि जैवतंत्रज्ञान विभागानेंहि डिसेंबर २०१४ मध्यें असेंच धोरण स्वीकारलें. त्यांच्या पैशानें झालेल्या संशोधनाची स्वीकृत प्रत संस्थेच्या भांडारांत दाखल व्हावी असें त्यांत सांगितलें आहे. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये खर्चून सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांतील विद्यार्थ्यांना व अध्यापकांना सुमारें १३,००० नियतकालिकें वाचतां यावींत, असा तिचा हेतु आहे. उपक्रम मोठा आहे. परंतु वर्गणी आणि भांडार यांत एक मूलभूत अंतर आहे. वर्गणीनें संस्थेच्या आंत असलेल्यांस दार उघडतें; गडचिरोलीकडील खासगी दवाखान्यांतला डॉक्टर, किंवा आपल्या मुलाच्या रोगाचें नांव प्रथमच ऐकणारी आई, बाहेरच राहते. स्वीकृत प्रत भांडारांत असली तर आंत आणि बाहेर हा भेदच उरत नाहीं.

तात्पर्य, नियम पाळण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं. निबंध धाडतांना संपादकास अनुदानाची कल्पना द्यावी. स्वीकृतीचें पत्र येईल त्याच दिवशीं अंतिम प्रत निराळी काढून ठेवावी व दाखल करावी. दोन्ही संमति वेळेवर द्याव्या, आणि कायमचा अंक हातीं येईपर्यंत काम पुरें झालें असें मानूं नये. शास्त्रज्ञाच्या दृष्टीनें हें कारकुनी काम आहे, आणि खुद्द प्रयोगापुढें तें क्षुल्लक वाटणें साहजिकच आहे. परंतु ज्याच्या करांतून तो प्रयोग उभा राहिला, त्या माणसाच्या हातीं प्रयोगाचें फळ पडतें तें याच कामामुळें.